मामांच्या पाठीवरचे ठिपके

माणसाची पाठ मी ज्या कॉलेजात शिकले त्याचं नाव सांगणार नाही. ते आता त्या जागेवर नाही. तिथे मंगल कार्यालय झालंय आणि ते बरंच झालं, निदान आता तिथे जे चालतं ते उघडपणे जेवणावळींसाठी चालतं. कॉलेज होमिओपॅथीचं होतं, नगर शहरात होतं आणि नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एवढी माहिती पुरे. नगर काही फार मोठं गाव नाही. जास्त सांगितलं तर कुणीतरी लग्नात गाठून मला जाब विचारेल. मला भांडायला आवडतं, पण हातात ताट असताना नाही.

घर भिंगारला. वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन कारकून. त्यांनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, पण घरात मात्र ते सुभेदाराच्या आवाजात "पाठ सरळ!" असं ओरडायचे. मी पोक काढून बसायची. बारावीला मार्क कमी पडले आणि एमबीबीएस हुकलं, तेव्हा पाठ सरळ ठेवली असती तर अभ्यास झाला असता, असं त्यांचं निदान होतं. मग होमिओपॅथी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चांगलंय की! गोड गोळ्या द्यायच्या. बरं वाटलं तर वाटलं, नाही तर कुणी भांडायला येत नाही." त्या दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचं ताट न्यायला मी साफ नकार दिला.

शरीररचना पहिल्या वर्षाला होती. सगळे तिला ॲनाटॉमी म्हणायचे, मीही तेच म्हणते. आमच्या ॲनाटॉमी हॉलमध्ये एकच प्रेत होतं. आधीच्या दोन-तीन बॅचेसचं शिकून झाल्यावर ते आमच्या वाट्याला आलेलं. ते कायम उताणं असायचं. अभ्यासक्रमात लिहिलेलं होतं की ते पालथं करून पाठीचे स्नायू एकेक थर सोडवून दाखवायचे. पण पालथं करायला चार माणसं लागतात आणि विभागात शिपाई एकच, असं सरांचं म्हणणं. समोर आम्ही साठ जण बसलेलो असायचो, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि आमच्याही. त्यामुळे त्या बिचाऱ्याची पाठ शेवटपर्यंत शाबूत राहिली.

सर म्हणजे ॲनाटॉमीचे विभागप्रमुख. विभागात ते एकटेच असल्याने प्रमुख व्हायला त्यांना फारशी स्पर्धा नव्हती. भिंतीवरच्या तक्त्यात एक गोरा गृहस्थ आपल्याकडे पाठ करून उभा होता. भांग नीट पाडलेला, अर्ध्या पाठीची कातडी काढलेली, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नसलेलं. त्याच्या पाठीवर छडी ठेवून सर सांगायचे: हा ट्रॅपिझियस. डोक्याच्या मागच्या उंचवट्यापासून निघतो, दोन्ही खांद्यांकडे पसरतो आणि खाली छातीच्या बाराव्या मणक्याशी निमुळता होतो. दोन्ही बाजूंचे मिळून पतंग होतो. हा लॅटिसिमस डॉर्साय, कमरेपासून बगलेत जाणारा रुंद पट्टा. त्यांच्या आड ऱ्हॉम्बॉइड, ते खांद्याची फरी मणक्याकडे ओढून धरतात. आणि सगळ्यांच्या खाली, मणक्यांच्या दोन्ही अंगांनी कमरेपासून मानेपर्यंत गेलेले दोन दोर, इरेक्टर स्पायनी. माणूस ताठ उभा राहतो तो ह्यांच्या जिवावर.

हे सगळं सर टेबलावर कोपर टेकून, एका अंगावर कलंडून सांगत. ताठ उभं राहण्यावरचं व्याख्यान सुरू झालं की दहाव्या मिनिटाला त्यांची कंबर धरायची आणि मामा खुर्चीत उशी ठेवून द्यायचे.

मामा म्हणजे हॉलचे शिपाई. कॉलेजातल्या सगळ्याच शिपायांना मामा म्हणायची पद्धत होती, पण नुसतं मामा म्हटलं की हेच. पारनेरकडच्या एका गावचे. तरुणपणी तालमीत घुमलेले, मग काही वर्षं मार्केट यार्डात हमाली, मग कुणाच्या तरी ओळखीने इथे लागलेले. वय पंचेचाळिशीच्या आसपास. खालच्या नळावरून वरच्या मजल्यावर पाण्याच्या बादल्या आणणं, प्रेताच्या टाकीत औषधाचे कॅन ओतणं, हॉल धुणं आणि संध्याकाळी सरांची स्कूटर किक मारून सुरू करून देणं, ही त्यांची कामं. शेवटचं काम नेमणुकीच्या कागदात नव्हतं, पण चुकलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

ह्याशिवाय मामांची पाठ होती. ॲनाटॉमीत सरफेस मार्किंग नावाचा एक प्रकार असतो. जिवंत माणसाच्या अंगावर खडूने आखून दाखवायचं, की कातडीखाली कुठला स्नायू कुठून कुठे जातो. त्यासाठी उघड्या अंगाने उभा राहणारा माणूस लागतो. वर्गातले मुलगे बनियन काढायला लाजायचे, आणि ज्यांनी काढले त्यांच्या पाठीवर दाखवण्यासारखं काही नव्हतं. मामांनी शर्ट काढला की मात्र तक्ता फिका पडायचा. सर म्हणायचे, "असा ट्रॅपिझियस जिल्ह्यात सापडणार नाही," आणि मामा भिंतीकडे तोंड करून हसायचे. आम्हाला त्यांचे कान तेवढे वर सरकलेले दिसायचे.

इतकी वर्षं उभं राहून राहून मामांना सगळं पाठ झालं होतं. कुणी अडलं की ते भिंतीकडे बघतच पुटपुटायचे, "लॅटिसिमस, ताई, लॅटिसिमस. बगलंत न्या." सरांना हे कळल्यावर त्यांनी नियमच केला, की मॉडेलने बोलायचं नाही. पाठीचं काम पाठीने करावं, तोंडाने करू नये, असं ते म्हणाले आणि आम्ही हसलो. मामा त्या दिवसापासून गप्प झाले. पण पोरं नापास झालेली त्यांना खपत नव्हती. त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक तोड काढली. गावच्या जत्रेत गोंदवणाऱ्या बाईसमोर जाऊन बसले आणि पाठीवर सात हिरवे ठिपके गोंदवून आले. एक मानेच्या ठळक मणक्यावर, मग छातीच्या तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या मणक्यावर, एक कमरेच्या चौथ्यावर, आणि दोन्ही फऱ्यांच्या खालच्या टोकांवर एकेक. जागा त्यांनी बायकोकडून बोटाने मोजून घेतल्या होत्या. तिची शाळा चौथीतच सुटली होती. सातही ठिपके बरोबर होते.

सरांनी ठिपके पाहिले आणि पाहिले नाहीत असं केलं. चाचणीचा निकाल सुधारला होता. तेव्हापासून आमच्या कॉलेजात पाठ शिकणं म्हणजे मामांचे ठिपके जोडणं. लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात असतं तसंच, फक्त शेवटी हत्ती किंवा मोर निघायच्या ऐवजी ट्रॅपिझियस निघायचा. पुस्तक सांगायचं की मणके बोटाने चाचपून मोजा. मोजायचं कशाला? ठिपके होते ना. मुली तर हातही लावत नसत. परक्या पुरुषाच्या उघड्या पाठीला मुलीचं बोट लागणं बरं दिसत नाही, म्हणून मुलींसाठी एक फूटपट्टी होती, तिच्या टोकाला दोऱ्याने ओला खडू बांधलेला. मुली हातभर लांब उभ्या राहून रेघा ओढायच्या. ह्या पद्धतीने आम्ही सव्वीस मुली डॉक्टर होत होतो.

एकदा माझ्याच पट्टीचा खडू सुटून खाली पडला. मामा वळले, पाठ अगदी ताठ ठेवून गुडघ्यांत सावकाश खाली बसले, खडू उचलला आणि मांडीवर हात रेटत वर आले. सरांनी टेबलावर हात आपटला. "पाहिलंत? वजन उचलायची शास्त्रशुद्ध पद्धत! कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. शिका त्यांच्याकडून!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या असणार, कारण खडू माझा होता.

वर्षाची परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक होते, अंगाने किडकिडीत आणि स्वभावाने तसेच. माझा नंबर आल्यावर मी सवयीने फूटपट्टी उचलली. ते म्हणाले, "हे काय? झेंडावंदनाला आलात का? ठेवा ती. मणके मोजून दाखवा."

सर आमच्या मागे उभे होते. त्यांनी घसा खाकरला, पण परीक्षकांपुढे त्यांचं काय चालणार! मी पट्टी ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांच्या पाठीला हात लावला. मानेपासून एकेक मणका मोजत खाली आले. दोन्ही बाजूंचे ते दोर लाकडासारखे कडक होते. परीक्षक मागून बघत होते. "वा! हे काय उभं राहिलंय?" मी म्हटलं, "इरेक्टर स्पायनी." ते सरांना म्हणाले, "काय सुंदर मॉडेल आहे हो तुमचं. असा इरेक्टर आमच्याकडे बघायला मिळत नाही." सरांनी मान लववली, जणू त्यांनीच घडवला होता.

बाराव्या मणक्याच्या ठिपक्यावर माझं बोट आलं आणि तिथे हाड लागलं. वरचे मणके एका रेघेत होते, हा एक टोक काढून बाहेर आलेला. थोडासाच, बोराच्या बीएवढा. मी दाबलं तसे मामा दचकले आणि त्यांनी श्वास रोखला. ठिपक्याच्या शेजारी एक काळा डाग होता. बिब्ब्याचा. आमच्याकडे कुठे दुखत असलं की बिब्बा तापवून त्या जागी चटका देतात. वर्गात सर तो डाग दाखवून म्हणायचे, "ही बघा अंधश्रद्धा," आणि पुढे जायचे. चटका तिथेच का दिला असेल, हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही नाही.

मी ट्रॅपिझियसचं खालचं टोक त्या उंचवट्याला वळसा घालून काढलं. जसं हाताला लागलं तसं. परीक्षक म्हणाले, "ही रेघ वाकडी का?"

"सर, इथला मणका वर आलाय."

"पुस्तकात कशी आहे?"

"सरळ आहे."

"मग?"

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर मंगल प्रसंगाची वाट पाहिल्यासारखे बघत होते. मामा भिंतीकडे तोंड करून गप्प होते. टेबलावर ओल्या कापसाचा बोळा होता. तो मी उचलला, ती रेघ पुसली आणि ठिपक्यापर्यंत सरळ काढली. परीक्षक म्हणाले, "आता कसं," आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी पास झाले. ॲनाटॉमीत वर्गात तिसरी आले. वडिलांनी कंदी पेढे आणले आणि सुभेदाराच्या आवाजात शेजारच्या काकूंना हाक मारून दिले.

मी विसरले, असं म्हणायला मला आवडेल. पण विसरले नव्हते. महिना-दोन महिने तो मणका बोटाच्या टोकाशी राहिला होता. मग दुसऱ्या वर्षाचा अभ्यास आला, औषधांची नावं आली, आणि बोट दुसऱ्या कामांना लागलं.

आठ-दहा महिन्यांनी लायब्ररीत सर्जरीचं पुस्तक वाचत होते. पाठीच्या मणक्याचा क्षय. मणका आतून पोखरला जातो, असं दिलं होतं. तो हलू नये म्हणून भोवतालचे स्नायू आकसून लाकडासारखे कडक होतात. एखादा मणका टोक काढून बाहेर येतो, दाबला की दुखतो. पुढे एक साधी परीक्षा दिली होती: रोग्याला जमिनीवर पडलेली वस्तू उचलायला सांगा. तो कमरेतून वाकणार नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसेल आणि मांडीवर हात टेकत उठेल. उपचार झाले नाहीत तर पायांतली ताकद जाते.

मी पुस्तक मिटलं आणि मला स्वतःच्याच टाळ्या ऐकू आल्या. साठ जणांनी, एका विभागप्रमुखाने आणि एका परीक्षकाने त्या माणसाचा आजार बघितला होता आणि त्याला बक्षिसासारखी दाद दिली होती. मग राग आला, आणि तो बराचसा सरांवर काढला, कारण स्वतःवर काढायला हिंमत लागते.

सरांकडे गेले. ते उशीला टेकून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, फक्त परीक्षेत पुसलेली रेघ सोडून. ते म्हणाले, "अगं, पैलवान माणूस आहे तो. पैलवानाला कधी क्षय होतो का?" मी म्हटलं, पुस्तकात पैलवान वगळलेले नाहीत. ते म्हणाले, "तू दुसऱ्या वर्षाला आहेस, हे लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं आणि सरळ मामांना शोधायला गेले.

मामा जिन्यात बसले होते, बादली शेजारी. अर्धा जिना चढून झाला होता, अर्धा राहिला होता. मी म्हटलं, "मामा, एक्स-रे काढायला चला माझ्याबरोबर." ते म्हणाले, "सायबांची इस्कूटर चालू करून दिऊ द्या, मग जाऊ." मी म्हटलं, "त्यांची स्कूटर आज त्यांनाच किक मारू दे." मग ते उठायला लागले आणि उजवा पाय त्यांच्या मनाप्रमाणे उठेना. हाताने पाय सरळ करत ते हसले. "पाय लई बधिर पडतोय आताशा. वय झालं, दुसरं काय." भिंतीला धरून ते खाली उतरले. त्यांना आधार द्यायला मी खांदा पुढे केला, तर आधी त्यांनी इकडे तिकडे कुणी बघत नाही ना, हे पाहिलं.

एक्स-रेत दोन मणके उंदराने भाकरी कुरतडावी तसे दिसत होते. मामांना सरकारी दवाखान्यात दाखल केलं. फळीवर उताणं निजायचं, हलायचं नाही, रोज मूठभर गोळ्या. गोड नव्हत्या. पहिल्या दोन महिन्यांत पाय आणखी गेले. मामी, म्हणजे ज्यांनी बोटाने मणके मोजले होते त्या, डब्यात भाकरी आणि मुगाचं कालवण घेऊन यायच्या आणि मला म्हणायच्या, "ताई, तुमच्यामुळं कळलं. न्हाई तर कुनी बघितलं असतं?" मी मान खाली घालून बसायची. त्या म्हणायच्या, "कसली गुणाची पोर हाय!" अशा वेळी खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला त्यांनी गुणाचं म्हटलेलं आवडत होतं, हे आता लिहिताना कबूल करते.

नवव्या महिन्यात पाय हलले. वर्षाने मामा काठी टेकत, कमरेला पट्टा बांधून कॉलेजात आले. पाठीला कायमचं कुबड आलं होतं. ठिपके एका रेघेत राहिले नव्हते, एक पार टेकडीवर जाऊन बसलेला, बाकीचे उतारावर. कॉलेजने त्यांना फाटकाशेजारी स्टूल दिलं. मार्किंगसाठी नवी पाठ शोधायचे प्रयत्न झाले, पण एमआयडीसीत रात्रपाळी करणारा जो मुलगा मिळाला तो उभ्याउभ्या झोपायचा, म्हणून पुन्हा तक्त्यातला गोरा गृहस्थ कामाला लागला. सर नव्या बॅचला सांगायला लागले, "आमच्या विभागातच मणक्याच्या क्षयाचं निदान झालं. ॲनाटॉमी पक्की असली की असं होतं." स्कूटर आता ते पार्किंगच्या उतारावर लावायचे.

मी शेवटच्या वर्षाला आले. होमिओपॅथीत केस घेणं ही मोठी गोष्ट मानतात, आणि मला ती खरोखर पटलेली होती. केस घ्यायला शिकवणाऱ्या मॅडमनी चार वर्षं घोकून घेतलं होतं, की रोग्याला बोलू द्या, मधे तोंड घालू नका, आपला शहाणपणा नंतर. केस पेपरवरचा पहिला रकानाच तसा असायचा: रुग्णाची तक्रार, त्याच्याच शब्दांत. दुसऱ्या शास्त्रांत रोग बघतात, आपण माणूस बघतो, असं त्या म्हणायच्या. ऐकताना अंगावर काटा यायचा.

परीक्षेचे रोगी मात्र ठरलेले असायचे. ज्यांच्यात काहीतरी ठळक दिसतं अशांना दर वर्षी चहा-नाश्त्यावर बोलावून खाटांवर निजवायचे. फुगलेली प्लीहा, सुजलेले गुडघे, एका आजीचा गळ्याचा गोळा. त्या वर्षी फाटकावरून मामांना बोलावलं होतं. कुबड दाखवायला चांगलं होतं. आणि चिठ्ठी उघडली तेव्हा तिसरी खाट माझी निघाली.

मामा खाटेच्या कडेला बसले होते. शर्ट काढून घडी करून मांडीवर ठेवलेला. परीक्षक यायला अर्धा तास होता. पडद्याच्या आत आम्ही दोघंच. वर्गातल्या मुलांना माझा हेवा वाटत असणार, कारण ह्या केसचं निदान मला आधीपासून माहीत होतं. मला त्या खाटेवरून पळून जावंसं वाटत होतं. मी पेन काढलं, टोपण लावलं, परत काढलं. मग बोलून टाकलं.

"मामा, पहिल्या वर्षी परीक्षेत मला हा मणका लागला होता. मी रेघ वाकडी काढली होती. परीक्षक नको म्हणाले म्हणून मी पुसली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून पाहिलाच नव्हता. उजव्या भुवईत कुस्तीतली जुनी खोक होती.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुमचं बोट थांबलं हुतं तिथं. बाकी कुनाचं थांबलं न्हाई."

मी टोपण पुन्हा लावलं.

"मला वाटलं, आता ही पोरगी इचारती. तवा नुसतं दुखतंय का म्हनून इचारलं असतं ना ताई, तर मी सांगितलं असतं. लई दुखत हुतं."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. शर्टाची घडी त्यांनी नीट केली आणि माझी सोय व्हावी म्हणून आपण होऊन पाठ माझ्याकडे केली.

बाहेर परीक्षकांच्या चपला वाजायला लागल्या. माझ्यासमोर केस पेपर होता आणि पहिला रकाना कोरा होता. मी त्यात लिहिलं: पाठदुखी, चार वर्षे. मग पडदा सरकला आणि मी उभी राहून सगळी उत्तरं दिली.